मागच्या विंगचं पाणी

आमच्या ऑफिसात एक फाईल होती, तिला कुणी हात लावत नसे. अकरा हजारांहून जास्त ओळींची. सरांनी एकट्याने लिहिलेली. सर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण दर गुरुवारी ते वडाळ्याहून चहाला ऑफिसात यायचे. त्यामुळे त्या फाईलबद्दल जे काही वाईट बोलायचं ते आम्ही शुक्रवार ते बुधवार बोलून घ्यायचो.

आमचं ऑफिस परळला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात, शेजारी शर्टांना काजं पाडून देणारा बसतो, आणि मधे आम्ही. आम्ही कंट्रोलर बनवतो. भिंतीवर ठोकायची राखाडी पेटी, आत एक चिप. ती पेटी इमारतीचा पंप चालवते, बेकरीची भट्टी सांभाळते, कुठे शीतगृहाचं दार बघते. पेटीने काय करायचं हे लिहायला आमची स्वतःची एक लहानशी भाषा आहे, 'टाकी भरली तर पंप बंद' इतकी सरळ. पण चिपला ती कळत नाही. तिला आकड्यांतले बारीक बारीक हुकूम लागतात. आपण लिहिलेलं वाचून तसे हुकूम तयार करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. त्याचा पुढचा भाग माणसाचं लिहिणं समजून घेतो आणि मागचा भाग चिपचे हुकूम लिहितो. हा मागचा भाग म्हणजे ती फाईल.

मी तिथे डिप्लोमा करून लागले तेव्हा बावीसची होते. आमच्या चाळीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून परीक्षा दिलेली, इंग्रजी बोलायची धास्ती, आणि मुलाखतीला आईने फॉल-पिको करून दिलेली तिचीच साडी. सरांनी मला इंग्रजीत एकही प्रश्न विचारला नाही. कागद पुढे केला आणि म्हणाले, तीन आकड्यांतला मोठा कुठला ते ओळखायच्या पायऱ्या लिही. मी लिहिल्या. त्यांनी दोन पायऱ्या खोडून दाखवल्या, या नसत्या तरी चाललं असतं म्हणाले, आणि सोमवारपासून ये म्हणाले. त्यानंतर जे काही मला येतं त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलं. म्हणून ती फाईल उघडायची वेळ आली तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती कोडची नव्हती, गुरुवारची होती.

वेळ आली ती चिपमुळे. आम्ही वापरत होतो ती चिप बनवायची बंद होणार असं पत्र आलं. साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. नवी चिप ठरवून झाली होती. जुन्या चिपचे हुकूम वेगळे, नवीचे वेगळे, तेव्हा कंपायलरचा मागचा भाग दोन्हीसाठी चालेल असा करून घ्यायचा. मी म्हटलं, त्यात जुनी चिप अकरा हजार ओळींत विरघळलेली आहे, साखरेसारखी. आधी ती वेगळी काढावी लागेल. ते म्हणाले, काढ. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, सरांच्या खालोखाल तूच सगळ्यात जुनी. मी अडतीस वर्षांची होते आणि कुणी मला पहिल्यांदाच जुनी म्हटलं होतं.

गुरुवारी सर आले. मी चहा झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं, पण खारी कपात बुडवता बुडवता तेच म्हणाले की ऐकलंय मी, उघडताय म्हणे. मी हो म्हटलं. त्यांनी खारी खाल्ली. मग म्हणाले, "उघड. पण एका वेळी एकच गोष्ट हलव. आणि हलवली की जुन्याशी ताडून बघ, बाईट न् बाईट."

बास, इतकंच. मी घरी आले ती चालत, हिंदमातापर्यंत वळसा घालून. इतकं हलकं वाटत होतं.

आमच्याकडे माझ्याहून बारा वर्षांनी लहान एक सहकारी आहे. लालबागचा, तोंडाने फटकळ, हाताने चांगला. त्याने सरांच्या सांगण्याचं यंत्र बनवलं. आजवर ज्या ज्या गिऱ्हाइकाच्या पेटीत आम्ही प्रोग्राम भरला होता ते सगळे आमच्याकडे जपून ठेवलेले होते. त्याने असं केलं की एक बटण दाबलं की ते सगळे प्रोग्राम एकदा जुन्या कंपायलरमधून जायचे, एकदा माझ्या नव्यातून, आणि दोन्हींचे हुकूम ताडून बघितले जायचे. सगळे जुळले तर स्क्रीनवर हिरवी पट्टी. एक जरी बाईट, म्हणजे हुकमातला एक जरी आकडा, इकडेतिकडे झाला तरी लाल.

मग सुरू झालं ते आठ-नऊ महिने चाललं. या कामाची मजा बाहेरच्याला सांगून कळत नाही. तुम्ही दिवसभर राबता आणि संध्याकाळी अभिमानाने म्हणता की काहीही बदललेलं नाही. सकाळी एक तुकडा उचलायचा, दुसऱ्या फाईलमध्ये ठेवायचा, बटण दाबायचं, हिरवं. मग पुढचा. सरांनी कोडमध्ये मराठी नावं दिलेली होती, इंग्रजी अक्षरांत. 'हातातला', 'ठेवलेला', 'उरलेला'. एका फंक्शनचं, म्हणजे एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, नाव होतं 'नंतर_बघू'. ते मी हौसेने उडवायला गेले तर कळलं की निम्मा कंपायलर त्याच्यावर उभा आहे. दुसरी गंमत अशी की एकच काम सतरा ठिकाणी थोडं थोडं वेगळं लिहिलेलं. सर चुकले होते असं नाही. पंपवाल्यांना घाई होती, बेकरीवाल्यांना घाई होती, आणि घाईत माणूस शेजारचं उचलून इथे ठेवतो आणि दोन शब्द बदलतो. मी पण तेच केलं असतं.

अशा विखुरलेल्या कामांतलं एक असं होतं. हिशेब करताना चिपच्या हाताशी सहाच जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. आमच्या घरच्या ओट्यासारखं. सहा भांडी मावतात, सातवं आलं की एक उचलून खाली ठेवायचं आणि लागलं की परत वर घ्यायचं. हे ठेवणं-उचलणं बेरजेसाठी एके ठिकाणी लिहिलेलं होतं, वजाबाकीसाठी दुसरीकडे, भागाकारासाठी तिसरीकडे, 'याहून मोठं आहे का' या तुलनेसाठी चौथीकडे. मी एका मंगळवारी ते सगळं गोळा करून एकच फंक्शन केलं. दोनशे ओळींच्या चाळीस झाल्या. मी स्वतःवर खूश होऊन बटण दाबलं.

लाल.

एकच प्रोग्राम जुळत नव्हता. बाकी सगळे हिरवे. सहकारी खुर्ची सरकवत आला, म्हणाला, तुझंच काहीतरी चुकलंय बघ. मलाही तेच वाटलं. दोन दिवस मी माझी चूक शोधली. तिसऱ्या दिवशी दोन्ही हुकूम कागदावर छापून घेतले आणि पेन्सिल घेऊन स्वतः चिप झाले. एकेक हुकूम पाळत गेले. दुपारपर्यंत कळलं की नवं बरोबर आहे आणि जुनं चूक.

चूक इतकीशी होती. दोन आणि तीनची बेरीज करताना कुणाला आधी घेतलं याने फरक पडत नाही. वजाबाकीत पडतो, तुलनेतही पडतो. खाली ठेवलेला आकडा परत उचलताना तो डावीकडचा होता की उजवीकडचा हे लक्षात ठेवावं लागतं. सरांनी वजाबाकीत ते केलं होतं, भागाकारात केलं होतं, तुलनेत राहून गेलं होतं. त्यामुळे तुलना करताना सहाच्या सहा जागा भरलेल्या असल्या तर 'डावा मोठा का' याच्याऐवजी 'उजवा मोठा का' असं विचारलं जायचं. अगदी उलट. पण इतका लांबलचक हिशेब कुणाच्याच प्रोग्राममध्ये नव्हता म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. एका प्रोग्राममध्ये तेवढा होता. वर नाव लिहिलेलं होतं: घोडपदेवच्या एका इमारतीचा पंप.

मला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगू, चांगला दहा मिनिटं झाला. मग मनात आलं की ही पेटी नऊ वर्षं तिथे भिंतीवर आहे. ती नऊ वर्षं काय करते आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सहकारी तिकडे गेलो. जुन्या चाळीच्या जागी बांधलेली सात मजल्यांची इमारत, दोन विंग. पुढची विंग रस्त्याकडे, मागची मागच्या गल्लीकडे. माणसं तीच, चाळीतली. आता प्रत्येकाला स्वतःचं दार आणि स्वतःचा नळ. खाली पंपाच्या खोलीत आमची राखाडी पेटी होती, वर कुणीतरी हळद-कुंकू लावलेलं. पंप बघणारे काका साठीच्या पुढचे, मूळचे कणकवलीकडचे. आम्ही कंपनीतून पेटी तपासायला आलोय म्हटल्यावर त्यांनी हसून विचारलं की नऊ वर्षांनी वाट सापडली होय.

गच्चीवर दोन टाक्या होत्या, एकेका विंगची एकेक. खाली महापालिकेचं पाणी सकाळी ठरलेल्या वेळी येतं, तेवढ्यात पंप चालवून वर चढवायचं. पेटीने दोन्ही टाक्या बघून जी जास्त रिकामी असेल ती आधी भरायची, असं मूळ ठरलेलं. पेटी करत होती उलट. जी आधीच जास्त भरलेली ती आधी. मागच्या विंगमध्ये घरं जास्त, म्हणून त्यांची टाकी रोज जास्त रिकामी, म्हणून रोज ती मागून. पुढची टाकी भरून वाहायला लागायची तेव्हा कुठे मागच्या टाकीची पाळी यायची, आणि तोवर खालचं पाणी संपत आलेलं असायचं.

मग काकांनी काय केलं? काका रोज पहाटे साडेपाचला लिफ्टने सातव्या मजल्यावर, तिथून लोखंडी शिडीने गच्चीवर जायचे आणि हाताने व्हॉल्व्ह फिरवायचे. अर्ध्या तासाने परत उलटा, तरी मागच्यांना जेमतेमच पुरायचं आणि पुढची टाकी शेवटी वाहायचीच. नऊ वर्षं. ते गणपतीला गावी गेले की दहा दिवस मागची विंग बादल्या घेऊन टँकरची वाट बघायची.

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरी बाई खाली आल्या. मागच्या विंगमध्ये राहतात, एका शाळेच्या ऑफिसात काम करतात. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी आम्हाला चांगलंच धरलं. पुढच्या विंगच्या लोकांनी मशीन बसवतानाच मशीनवाल्याला सांगून आपल्या सोयीचं करून घेतलं, हे आमच्या विंगमधल्या लहान पोरालाही माहीत आहे, म्हणाल्या. या पाण्यावरून दोन विंग एकमेकांशी धड बोलत नव्हत्या. एका वर्षी तर दोन सत्यनारायण झाले होते, एकाच दिवशी, एक पुढे, एक मागे, आणि भटजी एकच मिळाल्यामुळे मागच्यांची पूजा संध्याकाळी साडेसातला सुरू झाली. ते ऐकताना सहकाऱ्याला हसू आवरेना म्हणून तो पेटीचे स्क्रू बघत बसला. खरं कारण सांगायला पाहिजे होतं. एका तुलनेची डावी-उजवी बाजू, आणि त्यावरून नऊ वर्षं माणसं जिन्यात एकमेकांकडे बघत नाहीत, हे मी उभ्या उभ्या कुठून सुरू करून सांगणार होते?

परत येताना सहकारी म्हणाला, सोप्पं आहे ना, तपासणीच्या नावाखाली नवा प्रोग्राम भरून टाकू, पाणी नीट होईल, विषय खलास. साहेबांनीही तेच सांगितलं, जरा जास्त शब्दांत. मलाही ते पटत होतं, निदान गुरुवार जवळ येईपर्यंत.

बुधवारी संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती हिंदमाताच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावते, अजूनही. बोलताना मान वर करत नाही. रजिस्टरचं, तुलनेचं, सगळं तिने ऐकून घेतलं. मग दाताने दोरा तोडून म्हणाली, "ज्या बाईच्या नळाला नऊ वर्षं पाणी नव्हतं तिला त्यातलं काही सांगू नकोस. चूक आमची होती एवढं सांग. ते तिला ऐकायचं असेल."

गुरुवारी सर आले. मी त्यांना लहान खोलीत नेलं आणि दार लावलं. त्यांना वाटलं मी नोकरी सोडतेय. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले, जुने हुकूम आणि नवे, आणि म्हटलं, इथे बघा. त्यांनी खिशातून चष्मा काढला, माझी पेन्सिल घेतली आणि मी जे केलं होतं तेच केलं. एकेक हुकूम पाळत गेले. ओठ हलत होते. चहावर साय धरली. मी खिडकीतून समोरच्या गच्चीवरची वाळत घातलेली पुठ्ठ्याची खोकी मोजत बसले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की एवढा लांब हिशेब कुणी लिहील असं तेव्हा कुणाला वाटलं असतं. ते म्हणाले, तो हिशेब मीच लिहिलाय. मला हे माहीत नव्हतं. ते स्वतः तिथे गेले होते, टेप घेऊन. दोन टाक्यांचे आकार वेगळे, एकीचा सेन्सर चार बोटं वर बसवलेला, मागच्या विंगला घरं जास्त. हे सगळं धरून कुणावर अन्याय होणार नाही असं सूत्र त्यांनी बसवलं होतं, आणि त्यांना ते इतकं आवडलं होतं की घरी बायकोला वाचून दाखवलं होतं. इतर ठिकाणी त्यांनी दोन ओळींत भागवलं आणि ते बरोबर चाललं. इथे जीव लावला आणि इथेच सातवं भांडं ओट्यावर आलं.

त्यांनी विचारलं, पेटी चुकते तर मग पाणी चढतं कसं. मी काकांचं सांगितलं.

"तो माणूस रोज वर चढतो?"

"हो सर. पहाटे साडेपाचला."

"मग मी एकदा चढतो," ते म्हणाले आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

शनिवारी सकाळी मी त्यांना घेऊन गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, आणि ती शिडी सरळ उभी. मी खालून धरून होते आणि वरून काकांनी हात दिला. वर पोचल्यावर सर दोन मिनिटं टाकीला टेकून उभे राहिले. मग त्यांनी काकांना सगळं सांगितलं, साध्या भाषेत. मशीनमध्ये मोठं-लहान उलटं लिहिलं गेलं होतं. ते मी लिहिलं होतं. तुम्हाला इतकी वर्षं त्रास झाला, मला माफ करा. आणि हात जोडले.

काका गोंधळले. त्यांना माफी मागणारा इंजिनिअर बहुधा पहिल्यांदाच भेटला होता. म्हणाले, "माका वाटला, मशीन तसाच आसता." मशीन म्हटलं की थोडं माणसाने बघावंच लागतं, अशी त्यांची समजूत होती, आणि खरं सांगायचं तर ती काही फार चुकीची नाही. मग त्यांनी विचारलं की आता सकाळी वर यायची गरज नाही काय. सर मोठ्या उत्साहाने म्हणाले, अजिबात नाही. काकांचा चेहरा पडला.

त्याचं कारण पुढच्या टाकीच्या मागे होतं. टाकी रोज वाहायची तिथे त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत अळू लावलं होतं. हत्तीच्या कानाएवढी पानं, हिरवीगार, डब्यांची दोन ओळींत रांग. मागच्या विंगच्या अर्ध्या घरांत अळूवडी त्या पानांची व्हायची. पुढच्या विंगला ते पानं देत नसत. न्याय म्हणून, असं त्यांनी सांगितलं. आता टाकी वाहणार नाही म्हणजे अळूचं पाणी बंद. सरांनी गंभीरपणे टाकीचा, पाईपचा, डब्यांचा अंदाज घेतला आणि प्रोग्राममध्ये अळूसाठी रोज दोन मिनिटं वाढवता येतील म्हणाले. मला वाटलं थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. शेवटी काकाच म्हणाले की राहू दे, मी बादलीने घालीन, नाहीतरी सकाळी वर आल्याशिवाय मला बरं वाटत नाही.

मी खाली जाऊन पेटीत नवा प्रोग्राम भरला. चार मिनिटांचं काम.

माझ्या हिशेबाने तिथे हे संपत होतं. पण सर म्हणाले, सोसायटीला सांगायला हवं. मी म्हटलं, साहेब चिडतील. ते म्हणाले, साहेब त्या इमारतीत राहत नाहीत. रविवारी सकाळी कमिटीची बैठक होतीच. तळमजल्यावर, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, पुढची विंग डावीकडे, मागची उजवीकडे, मधे जायला वाट. सर उभे राहिले आणि चूक माझी आहे, कुणाच्या सांगण्यावरून काही केलेलं नव्हतं, एवढंच बोलले. रजिस्टर नाही, तुलना नाही. आईचा सल्ला मी त्यांना टॅक्सीत सांगितला होता.

मग पुढच्या विंगमधले एक गृहस्थ उठले, बरीच वर्षं आरोप सोसलेला चेहरा, आणि म्हणाले, "म्हणजे आमचा काही दोष नव्हता."

सेक्रेटरी बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "दोष नव्हता. पाणी होतं ना?"

त्यावर उजवीकडचे हसले. मग डावीकडचेही हसले, जरा उशिरा. लगेच गळाभेट वगैरे काही झाली नाही. कुणीतरी विचारलं की लिफ्टही तुमच्याच कंपनीची आहे का, आणि ती आमची नाही हे सांगताना मला फार बरं वाटलं. बाईंनी बैठक संपल्यावर आम्हाला चहा दिला आणि सरांना म्हणाल्या की आमच्या शाळेत मुलं चुकली की आम्ही पालकांची सही आणायला लावतो, तुम्ही स्वतः आलात. सरांनी बशी उचलली, परत ठेवली.

आठवड्याभरात ऑफिसात फोन आला. पुढच्या विंगमधून. आमच्याकडे पाण्याचा जोर कमी झालाय, मशीन बिघडलंय का? सहकाऱ्याने फोन कानापासून लांब धरून माझ्याकडे बघितलं आणि मग अतिशय नम्रपणे त्यांना सांगितलं की मशीन आता पहिल्यांदाच बरोबर चाललंय.

साहेब चिडले, पण चार दिवसच. घोडपदेवच्या त्याच गल्लीतल्या आणखी एका इमारतीने आमची पेटी मागवल्यावर ते त्या विषयावर बोलेनासे झाले. मी मात्र सगळे जुने प्रोग्राम पुन्हा तपासले, सहाच्या वर जागा कुणाला लागतात का ते. दुसरा कुणी नव्हता. मग पुढचं काम सुरळीत झालं. ती फाईल फुटून नऊ फायली झाल्या, जुन्या चिपचं सगळं एका बाजूला निघालं, आणि नव्या चिपचे हुकूम लिहायला सुरुवात झाली. 'नंतर_बघू'चं नाव मी बदललं नाही. तीनदा बदलायला घेतलं आणि तीनदा मलाच करवेना.

सर आता मंगळवारीही यायला लागले. चहाला नाही, कामाला. पगार घेत नव्हते, टेबलही मागितलं नाही. पाण्याच्या कूलरशेजारी खुर्ची टाकून ते एका दोनशे पानी वहीत प्रोग्राम लिहायचे. अगदी छोटे, सात-आठ ओळींचे, कुठल्याही पंपाच्या किंवा भट्टीच्या उपयोगाचे नाहीत. प्रत्येकात मुद्दाम सात आकडे हातात येतील असा हिशेब. बेरजेचा वेगळा, वजाबाकीचा वेगळा, तुलनेचे सहा प्रकार. शेजारी स्वतः हाताने काढलेलं उत्तर. गिऱ्हाइकांच्या प्रोग्रामवर विसंबून राहिलो ही आपली खरी चूक, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक सगळे कोपरे तपासत नाही, त्याला फक्त पाणी हवं असतं. सहकारी ते प्रोग्राम टाईप करून घ्यायचा आणि कुरकुरायचा की हे हाताने लिहायची गरज नाही, मशीनकडून हजारो बनवून घेता येतात. त्याने तसे बनवलेही. सर म्हणाले, छान, आणि वहीत लिहीत राहिले.

वही भरत आली तेव्हा आम्ही ती नव्या चिपसाठी चालवली. सर खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसले होते. पहिलं पान हिरवं, दुसरं हिरवं. एकेक पान पुढे जात होतं तसा सहकाऱ्याचा सूर चढत होता. एकतिसाव्या पानावर लाल.

मी म्हटलं, वहीतलं उत्तर बघू. सरांनी ते तिथेच पुन्हा काढलं. वही बरोबर होती. भागाकार होता, उरलेली बाकी परत उचलताना मी चुकीच्या जागेवरून उचलत होते. माझं चाळीस ओळींचं सुंदर फंक्शन, ज्याच्यावर मी खूश झाले होते, त्यात नव्या चिपसाठी जोडलेल्या ओळींतच. सरांनी स्क्रीनवरून नजर माझ्याकडे वळवली.

"कुठे बसवलंय का हे अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही. इथेच आहे, टेबलावर."

"मग बरं," ते म्हणाले आणि त्यांनी बत्तिसावं पान उलटलं.